किल्लेदाराचा रिलीव्हर

२४ नोव्हेंबर, रविवार

आज मंडळात पात्रवाटप झालं. किल्लेदार धर्मेंद्रले गेला. मले काहीच वाटलं नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण घरी येताना स्कूटरवर मीनल सारखी विचारून राहिली होती की तुम्ही एवढे गप्प कावून. मी गप्प नव्हतो, हेल्मेटमध्ये होतो.

मंडळाच्या वर्धापनदिनासाठी यंदा आमचे दिग्दर्शक कृष्णराव, त्यांनी स्वतः शोकांतिका लिहिली. एका किल्लेदाराले आपल्या हाताखालच्या नाईकाचा मत्सर वाटते. नाईक किल्ल्याबाहेर शत्रूशी लढून राहिला असताना हा दरवाजा बंद करायचा हुकूम देते. नाईक मरते. मग कळते की किल्लेदाराचा एकुलता एक पोरगाही नाईकासोबत बाहेरच होता. शेवटी बंद दरवाज्यापुढे किल्लेदाराचं स्वगत. काय स्वगत आहे बाप्पा! वाचतानाच मले आतून कळलं की हे माझ्यासाठी लिहिलं आहे. कृष्णरावले तेवढं कळलं नाही. वय झालं त्यांचं.

मी रिलीव्हर. भिलाईतल्या नाटकाले ही पद्धत स्टील प्लांटनं लावली. अर्धे नट शिफ्टमध्ये, बाकीचे रेल्वेत, प्रयोगाच्या दिवशी कोणाले ड्यूटी लागन याचा नेम नाही. म्हणून मोठ्या भूमिकेले दोन माणसं, एक मेन आणि एक रिलीव्हर. मेनले ड्यूटी लागली तर रिलीव्हरनं उभं राहायचं. नाही लागली तर विंगेत स्टुलावर बसून प्रॉम्प्टिंग करायचं. लग्नाच्या आधीपासून मी रिलीव्हर आहे, आणि आजपर्यंत एकाही मेनले ऐन दिवशी ड्यूटी लागली नाही. बाकी वेळेले हेच लोक ओव्हरटाइम ओव्हरटाइम करत फिरतात.

धर्मेंद्र लांजेवार चरोद्याले राहते, मालगाडीचा गार्ड आहे. मंडळात येऊन त्याले जेमतेम दोन वर्षं झाले. माणूस चांगला आहे.

२५ नोव्हेंबर

चांगला म्हणजे ठीक आहे.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

कृष्णरावचा फोन आला. पडदा उघडण्याआधी कोणीतरी 'शोकांतिका आणि मत्सर' यावर पाच-दहा मिनिटं बोलावं, आणि मंडळात मराठी एम. ए. मी एकटाच. (परीक्षेले प्रायव्हेट बसलो होतो, पण एम. ए. म्हणजे एम. ए.) लगेच होकार दिला.

अडचण एकच. मले या विषयाचा स्वतःचा अनुभव नाही. म्हणून मीनलले विचारलं की मत्सर वाटते म्हणजे माणसाले नेमकं काय होते. ती हसली. मग स्वयंपाकघरात गेली आणि तिथूनही हसण्याचा आवाज येत राहिला. मितालीले विचारलं तर ती मोबाईलमधून डोकं वर न काढता हिंदीत म्हणाली की पापा, उसपर तो आप खुद पूरा चैप्टर हो. पोरीले मराठी शिकवायचं राहूनच गेलं. मराठीत बोलली असती तर काय म्हणायचं होतं ते तरी नीट कळलं असतं.

भाषणाची सुरुवात लिहून काढली: 'मत्सर हा शोकांतिकेचा गाभा होय. मत्सरी मनुष्यास आपण मत्सरी आहोत, हे मात्र अखेरपर्यंत ठाऊक नसते.' वाचून माझ्याच अंगावर काटा आला. असं काही माझ्या डोक्यात कुठून येते, मलेच नवल वाटते.

१ डिसेंबर, रविवार

तालीम. स्टुलावर बसलो. दुसऱ्या अंकात धर्मेंद्र अडकला. प्रॉम्प्टरनं अशा वेळेले शब्द द्यायचा असते. मी दिला नाही. नवीन नटाले लगेच शब्द दिला तर त्याची स्मरणशक्ती वाढत नाही, असं माझं मत आहे. तो घाम पुसत उभा. मी थांबून राहिलो. कृष्णरावनं माझ्याकडे डोळे वटारून पाह्यलं, तेव्हा मी चष्मा शोधून राहिलो होतो. तो नाकावरच होता.

४ डिसेंबर

आजही त्याची स्मरणशक्ती वाढवली.

७ डिसेंबर, शनिवार

धर्मेंद्रनं आख्खं नाटक पाठ करून टाकलं. स्वतःचंच नाही, सगळ्यांचं. सगळ्यांदेखत म्हणे की भाऊ शब्द देत नाहीत हे माझ्या चांगल्यासाठीच, मग मी पण जिद्द धरली, गाडीच्या शेवटच्या डब्यात एकटाच तर असतो, रायपूर येईपर्यंत मोठमोठ्यानं म्हणत जातो. कृष्णरावनं माझी पाठ थोपटली. मले आनंद झाला. डोकं दुखून राहिलं आहे.

ठराव: उद्यापासून पहाटे उठून आवाजाचा रियाज.

८ डिसेंबर

थंडी फार आहे. उद्यापासून.

९ डिसेंबर, सोमवार

मंडळाच्या भल्यासाठी आज एक छोटंसं काम केलं. किल्लेदाराच्या बायकोचं काम रोशनी करते. बँकेत आहे, नीटनेटकी पोरगी. धर्मेंद्रच्या तोंडात चोवीस तास सुपारी-तंबाखूचा खर्रा. मी त्याले बाजूले घेऊन हळूच सांगितलं की रोशनीले त्या वासाचा फार त्रास होते, पण ती बिचारी बोलत नाही. रोशनी मले असं काही म्हणाली नव्हती. पण म्हणू शकली असती. शिवाय खर्रा खाणाऱ्या माणसाले खर्ऱ्याचं टेन्शन आलं की त्याचं कामात लक्ष लागत नाही, हे मी कंपनीत रोज पाहतो. अर्थात तो उद्देश नव्हता.

त्याचं तोंड एवढंसं झालं. मले वाईट वाटलं. सिविक सेंटरले नेऊन चहा पाजला.

१५ डिसेंबर, रविवार

खर्रा सुटला.

म्हणजे सुटलाच. पुडी खिशात नाही, गाल फुगलेला नाही. आणि आवाज! आधी तोंडात काहीतरी धरून बोलल्यासारखा यायचा, आता पार हॉलच्या बाहेर पानठेल्यापर्यंत खणखणीत ऐकू येते. रोशनी म्हणे, तुम्ही कमाल केली. तो म्हणे, भाऊनं केली.

संध्याकाळी त्याची बायको चंदा डबा भरून कोथिंबिरीच्या सांबारवड्या घेऊन घरी आली. लग्न झाल्यापासून खर्ऱ्यासाठी भांडून राहिली होती म्हणे, माहेरी जाऊन बसली तरी सुटला नाही, तो तुमच्या एका शब्दानं सुटला. आणि वाकून पाया पडली. मीनलनं माझ्याकडे पाह्यलं. मी भिंतीकडे पाह्यलं.

वड्या बऱ्या होत्या. जास्त खाल्ल्या नाही.

१७ डिसेंबर

भाषणात भर घातली: 'मत्सरी मनुष्य दुसऱ्यासाठी खड्डा खणू लागला की त्यात नेमके पाणी लागते आणि ते दुसऱ्याच्याच शेतास मिळते.' आजूबाजूची माणसं बारकाईनं पाहिली की असं सुचते.

१९ डिसेंबर, गुरुवार

तालमीनंतर धर्मेंद्रले कुल्फी खाऊ घातली. प्रेमानं. डिसेंबरात कुल्फी कोण खाते भाऊ, असं त्यानं विचारलं. मी सांगितलं की मोठे मोठे गाणारे खातात, गळा टाइट राहते. त्यानं आनंदानं दोन खाल्ल्या. एकट्यानं खाताना त्याले वाईट दिसू नये म्हणून मी पण एक घेतली.

२० डिसेंबर

आवाज बसला. माझा.

२३ डिसेंबर, सोमवार

अजून बसलेलाच. धर्मेंद्र ज्येष्ठमध आणि काय काय पाला घेऊन घरी आला. वरून सकाळ-संध्याकाळ फोन करून विचारते, भाऊ, कसं आहे. ज्याचा आवाज बसला त्याले फोन करून बोलायले लावणारा हा माणूस नाटकात भावना काय दाखवन? हे कृष्णरावले सांगायचं होतं, पण आवाज नाही. मीनल म्हणे, घर किती शांत वाटून राहिलं.

२७ डिसेंबर, शुक्रवार

आवाज आला. लगेच सुपेल्याले गेलो. किल्लेदाराचा अंगरखा शिवायले टाकला होता तो आणला, आणि एक मिशी घेतली, वर वळलेली. रिलीव्हरनं तयारीत राहायले पाहिजे. कंपनीत मी रोज सेफ्टी शूज घालतो, याचा अर्थ पायावर लोखंड पडावं असं मले वाटते का?

दुपारी घरात कोणी नव्हतं. अंगरखा चढवला, मिशी लावली आणि आरशापुढे स्वगत म्हटलं. 'दरवाजा मी बंद केला... मी, मी, मी!' शेवटच्या 'मी'ले भांडी घासणारी भागाबाई दारात उभी. तिनं भांड्यांकडे पाह्यलं नाही, तशीच वापस गेली. संध्याकाळी मीनलले विचारून राहिली होती म्हणे की साहेबाच्या तबियतीचं डॉक्टरले दाखवलं का.

कलेची कदर सगळ्यांले नसते.

१ जानेवारी

नवीन वर्षाचा संकल्प: धर्मेंद्रचा विचार करायचा नाही. संकल्प लिहितानाच त्याचं नाव लिहावं लागलं, याले माझा इलाज नाही.

३ जानेवारी, शुक्रवार

पूर्ण तालीम, न थांबता. धर्मेंद्रनं शेवटचं स्वगत केलं. रोशनी रडली. कृष्णराव रडले, आणि त्यांनीच लिहिलेलं आहे. मी पण डोळे पुसले. त्या हॉलमध्ये धूळ फार आहे.

खरं सांगायचं तर मले ते स्वगत पाहिजे. एकदाच. आयुष्यभर विंगेत बसून लोकाईच्या तोंडात शब्द घातले, टाळ्या त्यांच्या अंगावर पडताना बाजूनं पाहिल्या. एक टाळी माझ्याकडे वळली नाही. पोरीनं बापाले कधी उजेडात उभं पाह्यलं नाही. याले मत्सर म्हणत नाहीत. याले न्याय मागणं म्हणतात. हा फरक भाषणात घालायले पाहिजे.

६ जानेवारी, सोमवार

सुपेल्याच्या भाजीबाजारात ओमप्रकाश भेटला. आमच्याच क्वार्टरांच्या रांगेत राहते. कोणत्या मालगाडीवर कोणता गार्ड पाठवायचा, हे तोच ठरवते. सहज बोलणं निघालं. म्हणे, धर्मेंद्रनं शनिवारची सुट्टी मागून ठेवली आहे, तुमच्या ड्रामासाठी. मी वांगे निवडून राहिलो होतो. निवडता निवडता म्हणून गेलो की प्रोग्रॅम बहुतेक पुढे जाईन. बस, एवढंच. ओमप्रकाश म्हणे, अच्छा, फिर तो उसको ड्यूटी पर बुक कर देता हूँ. मी हो म्हटलं नाही. मान हलवली. मान काय, थंडीनं पण हलते.

वांगे किडके निघाले. मीनल ओरडली की तुमचं लक्ष कुठं असते.

१० जानेवारी, शुक्रवार

धर्मेंद्रले उद्याची ड्यूटी लागली! योगायोग पाहा, गाडी पण कोणती, तर आमच्याच कंपनीतल्या सायडिंगच्या रुळांवर भरून राहिलेला वॅगनींचा रेक. म्हणजे उद्या दुपारी सगळ्या वॅगनी तपासून सही मीच करणार, आणि माझ्याच सहीनं धर्मेंद्र दूर ओडिशात झारसुगुड्याकडे रवाना होणार.

त्याचा फोन आला होता. आवाज जड. म्हणे, भाऊ, आता किल्लेदार तुमीच, मंडळाची इज्जत तुमच्या हातात आहे. मी त्याले धीर दिला. नोकरी आधी, नाटक मग, असं समजावलं. एखाद्याच्या दुःखात असं उभं राहायलेही मन मोठं लागते.

कृष्णरावनं फोनवर दोनदा विचारलं की धर्मेंद्रची ड्यूटी बदलता येते का. मग म्हणे, पाठ आहे ना? मी म्हटलं, झोपेत म्हणून दाखवतो. मीनल म्हणे, दाखवताच रोज.

११ जानेवारी, शनिवार

दुपारी १२. कंपनी. उद्घाटनाच्या आधी नारळ घेऊन उभं राहावं तसं वाटून राहिलं. सेक्शनमध्ये सगळ्यांले पास वाटले. लोडिंग मात्र रटाळ चाललं आहे.

दुपारी २. शिफ्ट संपली. माझ्या खुर्चीवर बसणारा सुखराम आला नाही. नाटकातला रिलीव्हर दिवसभर आधी येऊन बसते आणि कंपनीतला रिलीव्हर वेळेवर येत नाही! तो आल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही, हा आमच्याकडचा नियम.

दुपारी ३. लोडिंग झालं. सुखरामचा फोन, गाडी पंक्चर, सुपेल्यात आहे, पोचूनच राहिलो. आता रेकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचं, एकेक दरवाजा पाहायचा, मग सही. तासभर कुठं गेला नाही. आणि चार वाजता मेकअप. सुखराम हुशार आहे. आल्यावर रेक दिसनच त्याले. सही कोणाची आहे यानं गाडीले काय फरक पडते? निघालो.

संध्याकाळी ५. मेकअपरूममध्ये लिहून राहिलो. मिशी लागली. फेटा बांधला. रोशनी म्हणे, काका, ओळखू येत नाही. मलेही आरशात पाहून दोन मिनिटं मुजरा करावा वाटला.

६:३०. भाषण झालं. हॉल भरला आहे. 'मत्सरी मनुष्यास आपण मत्सरी आहोत हे ठाऊक नसते' याले पहिल्या रांगेतून हसू आलं. मीनल आणि मिताली तिथंच बसल्या आहेत. गंभीर भाषणाले हसायचं नसते, हे घरी गेल्यावर सांगायले पाहिजे.

६:४०. धर्मेंद्र आला.

युनिफॉर्मवर, हातात लाल-हिरवी झेंडी तशीच. सगळे त्याच्याकडे धावले. म्हणे, देव पावला, सायडिंगवर रेकची सहीच झाली नाही. सही करणारा घरी गेला. त्याच्या जागेवर आलेल्यानं रिकामी खुर्ची पाहिली आणि काम झालं समजला, कारण काम झाल्याशिवाय तिथं खुर्ची कोणी सोडत नाही. रेक तसाच उभा, शेवटी आम्हाले घरी पाठवलं. कोण होता तो भला माणूस, त्याच्या तोंडात साखर पडो.

माझ्या तोंडात मिशीचा केस गेला होता. मी खोकून राहिलो.

६:५०. नियमानं मेन आला की रिलीव्हर स्टुलावर. कृष्णराव माझ्या फेट्याले हात घालणार, तेवढ्यात धर्मेंद्र आडवा आला. म्हणे, भाऊनं मिशी लावली, अंगरखा घातला, घरचे समोर बसले आहेत, आता उतरवायचं नाही. भाऊच करतीन. स्टुलावर मी बसतो. कृष्णरावनं त्याले कोपऱ्यात नेऊन दहा प्रकारे सांगून पाह्यलं. ऐकलं नाही त्यानं.

मिळाला! किल्लेदार मिळाला! पडदा उघडून राहिला. फक्त एक कळत नाही, हा माणूस एवढा खूश कावून दिसून राहिला?

१२ जानेवारी, रविवार, सकाळ

पहिला अंक चांगला झाला. हे आधी लिहून ठेवतो.

दुसऱ्या अंकात मी सहज विंगेकडे पाह्यलं. सहज म्हणजे, जिज्ञासा. हातची भूमिका गेल्यावर स्टुलावर बसलेल्या माणसाचं तोंड कसं होते, हे माझ्याएवढं कोणाले माहीत आहे? ओठ आवळलेले राहतात. समोरचा चुकावा म्हणून आपण आतल्या आत वाट पाहतो. चुकला तर बरं वाटते आणि नाही चुकला तर आपण पुढचं पान उलटतो. धर्मेंद्रचं तोंड तसं नव्हतं. तो माझ्यासोबत ओठ हलवून राहिला होता. चांगलं वाक्य गेलं की मान डोलवे. एकदा तर अंगठा दाखवला.

मले वाटलं, दाबून ठेवलं असन. मोठ्या स्वगताले बाहेर येईन.

तिसरा अंक. बंद दरवाजा. हॉलमध्ये चिडीचूप. 'दरवाजा मी बंद केला...' म्हणालो आणि मुद्दाम वळून विंगेत पाह्यलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. हात जोडलेले. पार हरवून गेला होता. मी नीट निरखून पाह्यलं, कुठं थोडा तरी कडवटपणा, थोडी तरी आग. काहीच नाही बा. आणि पाहता पाहता माझे शब्द गेले. सगळे गेले. झोपेत म्हणणारा मी.

धर्मेंद्रनं लगेच शब्द दिला. प्रॉम्प्टर असावा तर असा. फक्त आवाज खणखणीत, शेवटच्या रांगेपर्यंत गेला. मग ते वाक्य मी म्हटलं. मग पुढचं त्यानं दिलं, मग मी म्हटलं. पूर्ण स्वगत तसं झालं. आधी आतून यायचं, भरल्या गळ्यानं, लोक गलबलून जायचे, आणि मग मी तेच बाहेर म्हणायचो, तोपर्यंत लोक नाक पुसून राहिलेले असायचे. मागून कोणीतरी ओरडलं की अंदरवाले को बाहर निकालो. शेवटच्या 'मी, मी, मी'ले टाळ्या पडल्या तेव्हा मी अजून तोंड उघडलं नव्हतं.

पडदा पडल्यावर पब्लिकनं सोडलंच नाही. धर्मेंद्रले ओढून बाहेर आणलं, युनिफॉर्मवरच. हॉल उभा राहिला. त्यानं माझा हात धरून वर केला. एवढ्या टाळ्या मी इतक्या जवळून कधी ऐकल्या नव्हत्या.

मीनल म्हणे, मिशी शेवटपर्यंत छान टिकली. मितालीनं मोबाईल बाजूले ठेवला. माझी पाठ चोळून दिली.

१३ जानेवारी, सोमवार

रेक अडवून ठेवल्याबद्दल मेमो मिळाला. सुखराम माझ्याशी बोलत नाही. साहेबानं विचारलं की एवढं काय अर्जंट होतं. मी सांगितलं, सांस्कृतिक.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. धर्मेंद्र आणि चंदा तिळगूळ घेऊन आले. मीनलनं पोहे केले. पोहे खाता खाता तो हसत हसत म्हणे की भाऊ, ओमप्रकाशनं मले शुक्रवारीच सांगून दिलं होतं, प्रोग्रॅम पुढे गेला असं तुमी बाजारात बोलले म्हणून.

मी पोह्यातली मिरची बाजूले काढून राहिलो. मीनलचा हात पोह्यावर लिंबू पिळता पिळता थांबला.

तो म्हणे, तवाच मले समजलं, भाऊले किल्लेदार लय मनापासून करायचा आहे. एवढे दिवस स्टुलावर बसून तुमी मले शिकवलं, आणि मी बैलासारखा तालमी करत राहिलो, विचारलं पण नाही. म्हणून शनिवारी गाडी अटकल्यावर घरी जात होतो, चंदा फोनवर म्हणे, जाऊन भाऊसोबत बसा, त्यांले आधार वाटन. तुमाले एकदा तोंडानं सांगायचं होतं ना भाऊ. मी तवाच सोडून दिलं असतं. मग म्हणे, रायपूरहून बोलावणं आलं, त्या प्रयोगाले कृष्णरावनं माझं नाव टाकलं, पण तुमी करता का? मले खरंच काही फरक पडत नाही.

फरक पडत नाही! मी रात्रंदिवस ज्याच्यामागे जीव जाळून राहिलो, त्याचा याले फरक पडत नाही. आणि हे तो माझ्याच घरी बसून, माझेच पोहे खाऊन, एवढ्या प्रेमानं सांगून राहिला.

मी म्हटलं, नाही, रायपूर तूच कर. तो बरं म्हणाला. पोहे अजून घेतले.

ते गेल्यावर मी मीनलले विचारलं. खरं सांग, मी स्टेजवर उभा होतो तेव्हा त्याले थोडा तरी मत्सर वाटला असन का? थोडासा? विंगेत, अंधारात, एखादं मिनिट? मीनल यावेळेले हसली नाही. पदराले हात पुसून खुर्चीवर बसली, तिनं खरोखर विचार केला, बराच वेळ केला, आणि म्हणाली, नाही हो, मले नाही वाटत.

अंगरखा शिवला, मेमो घेतला, पोरीसमोर हसं करून घेतलं. थोडंसं तरी जळायचं होतं बा त्यानं.